शिंपल्याचा पाव

शहापूरच्या थांब्यावर माझ्या बाजूला दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर स्टीलचा डबा होता.

"विजयमालाबाई, काय हाये वो डब्यात?"

"कोन्चा. मेक्सिकोचा गोड पाव. आमचा अंकुर तिकडची बायको घेऊन पयल्यांदा घरी येऊन राहिला नं! तिची माय करे म्हणे हा पाव. आता ते माय नाही."

"मंग तुमाले कसा जमला?"

"मोबाईलवर पाहून. कुकरमंदी मीठ तापवलं, त्याच्यावर ताटली ठेवून भाजला. पयला तं दगडच झाला!"

"अन् वरतं ह्या रेघा कायच्या?"

"साखर-मैद्याचा थर हाये. शिंपल्यावानी दिसाले पायजे म्हणून सुरीनं ओढल्या. रुखमाबाई, तिले आवडंल नं वो?"

"आवडंल. उठा, बस आली!"

अंकुरच्या मागून त्याची बायको उतरली, सासूच्या पाया पडली. डबा उघडताच ओरडली, "कोन्चा!" तिथंच उभ्यानं एक खाल्ला, डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"आई, मले अजून एक द्या."

"अवो रुखमाबाई, आयकलं का? 'मले' म्हणते वो, 'मले'!"