चिनोरच्या दाण्याएवढी ढील

सुमित्राबाई : दोनदा वरण तपवलं मी. आता तिसऱ्यांदा तपवणार नाई. ऊठ, हात धू.

मंजुषा : आई, जेवाचं नका सांगू आता. चार वाजता थो अड्याळचा बंटी येऊन राहिला. मीटरवरचा पिवळा दिवा गेला नाई, तं गाडी टेंपोत टाकून नागपूरले नेतो म्हणे.

सुमित्राबाई : नेऊ दे. आंगण तरी मोकळं होईन.

मंजुषा : नेली तं मंग पुन्हा कोण आणन मायाकडं? पवनीत सून गॅरेज चालवते म्हणून आधीच लोक हासतेत. सासूच्या हातमागावर बसाले जागा नव्हती का, म्हणतेत. हे पहिली मोठी फटफटी हाये माया हाताखालची. हे गेली तं जलमभर स्कुट्यांचे ब्रेक घासत बसीन मी.

सुमित्राबाई : एवढं काय झालं तिले? दिवा कायचा थो?

मंजुषा : सायलेन्सरच्या नळीत एक झडप असते. तिले फिरवाले सीटखाली मोटर. चावी फिरवली का थे मोटर झडप पूर्ण उघडते, पूर्ण बंद करते. अर्ध्यात अडली का दिवा लागते.

सुमित्राबाई : गाडी चालू व्हायच्या आधीच?

मंजुषा : आधीच. रोज. आपलीच आपण तपासणी करून घेते, मंग निंघते.

सुमित्राबाई : अगं माय. अन् मी समजो, नुसतं पेट्रोल पेते अन् पळते.

मंजुषा : बंटीले रेसमधी पळवाची हाये. गाडीचं वजन थो ग्राम-ग्राम मोजते. म्हणून जुनी मोटर काढून हे हलकी बसवली. तीनदा खोलली आई मी सकाळपासून. झडप हातानं लोण्यावाणी फिरते. मोटर एकटी बरोबर फिरते. दोघी जोडल्या का अर्ध्यात अडून बसते.

सुमित्राबाई : दे बरं दोन्ही मोटरी माया हातात. हे जुनी न? हे असन दीड पाव. अन् हे... छटाकाच्या थोडी वरतं.

मंजुषा : थांबा, बंटीचा वजनकाटा हाये इथं. तीनशे ऐंशी ग्राम. अन् हे सत्तर. आई, तुमी कसं सांगतलं?

सुमित्राबाई : चाळीस वर्स कोशाच्या रेशमाच्या लड्या तोलल्या या हातानं. त्यात काय हाये? एवढीशी हे, अन् त्या धटिंगणाचं काम करन म्हणतेस?

मंजुषा : करन. तेवढा जीव हाये तिच्यात, हिशोब करूनच घेतली मी. तरी काहून अडते, थेच समजून नाई राह्यलं.

सुमित्राबाई : झडपेले जोडली कायनं?

मंजुषा : दोन केबली हायेत. एक उघडाची, एक बंद कराची.

सुमित्राबाई : एक ओढली का दुसरी सुटते?

मंजुषा : हो.

सुमित्राबाई : मंग मागाच्या पावड्याच झाल्या न ह्या. एका पायाची दाबली का दुसऱ्या पायाची वर येते. सरक, हात लावू दे.

मंजुषा : ग्रीस लागन, आई.

सुमित्राबाई : लागू दे. डोळ्याले धागा दिसेना म्हणून माग झाकला, त्याले वर्स झालं. तवापासून हाताले काही लागलंच नाई माया. कुठं हायेत केबली? मायं बोट ने तिथं.

मंजुषा : थांबा, मोटर बसवते पुन्हा. हं, हे एक. अन् हे खालची.

सुमित्राबाई : अगं बाई. केवढ्या ताणल्या तुनं.

मंजुषा : ताणाच लागतेत. क्लचची असो का ब्रेकची, केबल ढिली नाई ठेवाची, असंच शिकवलं मले. जुन्या मोटरले एवढ्याच ताणल्या होत्या कंपनीनं.

सुमित्राबाई : जुनीच्या अंगात जोर होता, ओढून नेत होती. हिच्या अंगात हाये का तेवढा? माये सासरे पावड्या बांधत थे त्याईच्या पायाच्या मापानं. मी सोळा वर्साची, अंगात मास नाई. दाबता दाबता सांजवेळी पाय सुजून जात. लोक म्हणत, पोरगी कामाची नाई. एक दिवस थे बजारात गेले, तं मीच दोऱ्या सोडल्या अन् ढील देल्ली. त्या दिवशी हातभर कापड जास्त निंघालं.

मंजुषा : आजेसासरे काय म्हणले मंग?

सुमित्राबाई : कापड मोजलं अन् दोऱ्या तशाच राहू देल्ल्या. पाना घे. तू फिरव, मी बोट ठेवते.

मंजुषा : किती सोडू?

सुमित्राबाई : थोडंसं. आणखी. आणखी... थांब, जास्त झालं. मागं घे. केसभर. हं. आता खालची. थिले थोडी कमी सोडजो, थे वरचीहून कमी ताणली हाये. बस. आता दोन्ही तांदळाच्या दाण्याएवढ्या हालतेत. जाड्या तांदळाच्या नाई, बारीक चिनोरच्या.

मंजुषा : फिरवू चावी, आई?

सुमित्राबाई : फिरव. मायं बोट इथंच हाये. हे निंघाली... चालली... चालली... टेकली. आता वापस येऊन राहिली. आली घरी.

मंजुषा : दिवा गेला, आई.

सुमित्राबाई : समजलं मले.

मंजुषा : सकाळपासून मी मीटरकडं पाहून राहिली, अन् तुमाले पाहाची गरजच नाई पडली.

बंटी : वहिनी, टेंपोवाला बाहेर उभा हाये. झालं का काही, का चढवू गाडी?

मंजुषा : आधी एक चक्कर मारून या. गरम होऊ द्या चांगली. मंग चढवाची तं चढवा.

(बंटी वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येतो.)

बंटी : वहिनी, एकदम मक्खन. दोनदा बंद करून चालू केली, दिवा लागलाच नाई. अन् खालच्या स्पीडले उचल जशीच्या तशी. नागपूरवाला म्हणे, मोटरच फेक, गाडीच्या कम्प्युटरले खोटं सांगणारी डबी लावून देतो.

मंजुषा : डबीनं दिवा जाते, पण मंग झडप हालतच नाई. उचल कुठून येईन?

बंटी : थेच न. केबलची सेटिंग लिहून द्या मले. ट्रॅकवर खोला लागली तं तिथल्या मेकॅनिकले दाखवीन.

मंजुषा : सेटिंग आईनं केली.

बंटी : मजाक नका करू, वहिनी.

मंजुषा : मजाक नाई. मी तीनदा हारली. याईनं बोट लावून सांगतलं.

बंटी : मावशी, खरंच? किती ठेवली मंग ढील? मिलिमीटरमधी सांगा.

सुमित्राबाई : थे मिलिमीटर मले नाई समजत, बाप्पा. बोटाले समजते. अन् बोट काही तुयासंग येत नाई.

बंटी : मंग रेसच्या आधी इथंच आणतो. माया दोस्ताईच्या दोन गाड्या हायेत, त्याही घेऊन येतो. टेंपोले देतो वापस पाठवून.

मंजुषा : आणा. कवाही आणा. थांबा, मागची सीट लावून देते.

सुमित्राबाई : नको लावू अजून. गरम झाल्यावर ढील तेवढीच राह्यली का, पाहू दे. बंटी, चावी फिरव एकदा. बोट ठेवलं हाये मी.