खडा आधी, आच नंतर

— नाही नाही, तिथं नको ताई, त्या स्टुलाचा पाय लुळा आहे, इकडे बसा. कपाट उघडतोच मी — ॲप्रन, चष्मा, जर्नल, एवढंच तर आहे तिचं. न्यायला तुम्ही कशाला यायचं, मी आणून दिलं असतं की घरी — दिलं असतं का? नसतं दिलं. दोन महिने झाले, पाऊलच उचललं नाही. सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत आहे मी, प्राचार्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळे मामा म्हणतात. तुमची लेकही मामाच म्हणायची, म्हणजे तुम्ही माझी बहीणच लागता — हसायचं होतं त्यावर. बरं, नका हसू.

ऑफिसात काय सांगितलं तुम्हाला? स्वतःच्या मनानं केलं, निष्काळजीपणा — तेच ना? अहवालात तसंच आहे, खाली सही माझी आहे. हे बघा, सोपं आहे. हा चंबू. यात द्रव घालायचा, खालून आच द्यायची, वाफ त्या नळीत जाते, नळीभोवती गार पाणी फिरतं, पलीकडे थेंब थेंब शुद्ध माल पडतो, घाण चंबूतच राहते. पाणी खालून आत, वरून बाहेर — उलटं जोडणारी दोन-चार कार्टी दरवर्षी असतातच. पण सगळ्याच्या आधी चंबूत हे टाकायचं — धरा हातात, धरा, काही होत नाही. फुटक्या कपाच्या कपच्या वाटतात ना? याला आम्ही खडा म्हणतो. खडा असला की त्यावरून बुडबुडे सुटतात, द्रव शहाण्यासारखा उकळतो. नसला तर तापत राहतो, उकळायचं सोडून नुसताच तापतो, आणि वरून बघाल तर गप्प. अगदी गप्प. अशा वेळी त्यात खडा पडला की सगळा एकदम उसळतो, थेट छतापर्यंत. म्हणून खडा आधी, आच नंतर. विसरलात तर आच बंद, गार होऊ द्या, मग खडा. हजारदा म्हटलंय मी हे. पोरं माझी नक्कल करतात त्यावरून. तुमची लेक तर हुबेहूब करायची, मान वाकडी करून.

मग ती कशी चुकली? खडा विसरली, खरंय — कोणीही विसरतं. पण विसरल्यावर गुपचूप टाकणाऱ्यातली नव्हती ती. विचारायची. जीव खायची नुसता — मामा, हे दोन द्रव वेगळे झाले, वरचा थर ठेवू का खालचा? मी म्हणायचो, बाई गं, दोन्ही ठेव, काम संपेपर्यंत इथं काही फेकायचं नसतं, फेकशील नेमका त्यातच तुझा माल असायचा. तर विचारायचीच. त्या दिवशी मी बेसिनपाशी होतो, पाठमोरा, फुटलेल्या ब्युरेटवरून एकाशी हुज्जत चाललेली — मागून आवाज आला, मामा, खडा राहिला, टाकू का? — आता असं विचारल्यावर काय करायचं असतं? वळून बघायचं असतं. आच चालू आहे का, एवढंच बघायचं असतं. मी म्हटलं, टाक की, विचारतेस काय —

पाणी देऊ? नको?

मला वाटलं, आत्ता कुठं मांडामांड चाललीय. वाटलं म्हणजे बघितलं नाही. डोळे वाचवायचा हा चष्मा तिनं कपाळावर सरकवला होता, वाफेनं धूसर होतो म्हणून — तेवढी चूक तिची, तेवढी तरी तिची आहे — पण त्यावर ओरडायचं कामही माझंच होतं. चौकशी समितीनं विचारलं, तुमची परवानगी घेतली होती का. निवृत्तीला सात महिने राहिलेले, विभागाचे सर समोर बसलेले. मी म्हटलं, नाही. एवढा एकच शब्द. ती दवाखान्यात, डोळ्यांवर पट्ट्या. मागून तिनं सांगितलं म्हणे खरं काय ते, पण धक्क्यानंतर नीट आठवत नाही माणसाला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही मान डोलावली. आता — काय? आता तीच म्हणते, माझंच चुकलं असेल? असेल? अहो, तिला आठवतंय ते खरंय, तिला सांगा —

जर्नल इथं कशाला उघडता, घरी बघा ना. ...हो. एक पान नाहीये. ती घड्याळ बघून लिहायची सगळं. अकरा वीस, आच चालू. अकरा पस्तीस, उकळी नाही. अकरा अडतीस, खडा विसरले, मामांना विचारलं, टाक म्हणाले. एवढं लिहून पेन खाली ठेवलं आणि मग टाकला. तिला उचलून नेलं, मी काचा गोळा करत होतो, जर्नल तसंच उघडं पडलेलं. फाडलं मी पान. फरशी पुसायच्याही आधी. काडीसुद्धा ओढली होती जाळायला. नाही जाळवलं. या खणात आहे, खड्यांच्या डबीखाली. रोज डबी काढतो, रोज दिसतं. घ्या. इथं नका वाचू. इथं नको, ताई —

ताई म्हणू नको? बरं.

नाही म्हणत. जा तुम्ही, बाराची बॅच येईल आता. जाताना दार ओढून घ्या.