ब्याण्णव टक्के आणि सातशे अठरा अर्ज

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ विश्वस्त, मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे प्राचार्य सर आणि उपप्राचार्य बाई, समोर बसलेले सगळे प्राध्यापक, कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले माझे सोबती, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून घड्याळाकडे बघणारे आमचे हे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अहो, बघू नका घड्याळाकडे. एकतीस वर्षं या कॉलेजच्या कार्यालयात बसले, पण या माइकसमोर आजच उभी राहतेय. दहा मिनिटं तरी द्याल की नाही?

माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. प्राचार्य सरांनी तर मला हरभऱ्याच्या झाडावर असं काही चढवलंय, की उतरायला शिडी लागेल. ‘आपल्या ब्याण्णव टक्क्यांच्या शिल्पकार’ असंही ते म्हणाले. आमच्या सूनबाईने मला आभाराचं छान दोन पानी भाषण लिहून दिलंय. ते पर्समध्ये आहे आणि तिथेच राहणार आहे. सूनबाई, राग मानू नकोस गं. त्यात सगळं खरं आहे, फक्त जे सांगायला हवं तेवढं नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, त्याची टक्केवारी दरवर्षी वर कळवावी लागते. एकोणीस वर्षांपूर्वी आपला आकडा होता सत्तावन्न. दोन विषय बंद करा म्हणून पत्र आलं होतं. तेव्हाचे प्राचार्य खुर्चीत डोकं धरून बसले होते. सगळे म्हणत होते, शिकवण्या वाढवा, वसतिगृह सुधारा, मुलांशी बोला. आणि मी काय केलं? मी परिपत्रक वाचलं. सगळं, तळटिपांसकट. त्यात होतं की पहिल्या वर्षाची मुलं एका ठरावीक तारखेला मोजायची. प्रवेशानंतर दोन महिन्यांनी. त्याआधी ज्याने स्वतःहून प्रवेश रद्द केला, तो हिशेबात धरायचाच नाही.

डोकं कुणाचं चाललं? माझंच. उगाच दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलत नाही.

एका पानाचा अर्ज मीच तयार केला. ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने प्रवेश रद्द करत आहे.’ पहिल्या चाचणीत गडगडलेली मुलं मी एकेक करून माझ्या टेबलाशी बोलवायची. रागवायची नाही हं कधी! पाणी द्यायची, घरची चौकशी करायची, आणि म्हणायची, ‘बाळ, यंदा झेपत नाहीये तर एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी ये. दार उघडंच आहे.’ मग पेन पुढे करायची. मोजणीची तारीख जवळ आली की मुलं मला ‘तारीखबाई’ म्हणायची. मला वाटायचं, लाडाने म्हणतात.

त्या पहिल्या तुकडीचा आकडा तीन वर्षांनी आला. बहात्तर. पुढे एक्याऐंशी, मग ब्याण्णव. आपण शिकवणं किती सुधारलं? प्राध्यापक मंडळी, माफ करा, पण तुम्हालाही ठाऊक आहे. आपण मुलं टिकवली नाहीत, जी टिकणार नाहीत असं वाटलं ती मोजलीच नाहीत. गेल्या आठवड्यात कपाट रिकामं करताना मी ते अर्ज पहिल्यांदा मोजले. सातशे अठरा. त्यातले पुढच्या वर्षी परत आले अकरा जण. अकरा!

प्राचार्य सर, पाण्याचा ग्लास मला नको, तुम्हीच घ्या.

हे सगळं मी कदाचित गिळून टाकलं असतं आणि मानचिन्ह घेऊन घरी गेले असते. पण महिन्यापूर्वी गुडघा दाखवायला हॉस्पिटलात गेले होते. कॉरिडॉरमध्ये धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन एक बाई आली. मला बघून थांबलीच. म्हणाली, ‘बाई, ओळखलंत?’

मी नाही ओळखलं. कसं ओळखणार? माझ्यासमोर ती बारा मिनिटं बसली असेल.

तिनेच सांगितलं. अगदी पहिल्या तुकडीतली. आता तिथल्या धुलाई विभागात आहे, हाताखाली सहा जणी आहेत. तिने मला बाकावर बसवलं, पायाखाली घडी केलेली चादर ठेवली. आणि म्हणाली, ‘बाई, तुमचे उपकार आहेत. तुम्ही किती मायेने सांगितलंत तेव्हा. दुसरं कुणी असतं तर तीन वर्षं घासत ठेवलं असतं आणि शेवटी नापास. आपल्याला गणिताचं डोकं नाही हे वेळेवर कळलं.’

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, ‘अगं, त्यात काय.’

मग म्हणाली, ‘पोरगी बारावी झाली. तिलाही गणित घेऊन पदवी करायचीय म्हणे. मी सांगितलं, आपल्या घराण्यात ते नाही, नसत्या भानगडीत पडू नकोस. माझ्याबरोबर कामाला ये. चिडलीय. चार दिवस बोलत नाही माझ्याशी. तुम्हीच समजवा ना तिला, तुम्हाला छान जमतं.’

तुम्हाला छान जमतं! हे ऐकून मी रिक्षात बसले आणि घरापर्यंत रडले. यांना सांगितलं, गुडघा दुखतोय.

का रडले, ते आता सांगते. चेहरा विसरले होते, पण तिने नाव सांगताच सगळं आठवलं. त्या मुलीला पहिल्या चाचणीत गणितात बावीस होते. तिने मला कारणही सांगितलं होतं. तिच्या आईचा हात लाँड्रीतल्या इस्त्रीच्या मशीनवर भाजला होता आणि महिनाभर ही तिच्या जागी उभी राहत होती. ‘आई आता कामावर जायला लागली,’ असंही म्हणाली होती. मी मान हलवली आणि पेन दिलं. तो मंगळवार होता. तिने विचारलं, ‘बाई, मी नापासच होईन असं वाटतं का तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय ना?’ तिने सही केली.

दुसरी चाचणी तिने आदल्याच आठवड्यात दिली होती. तिचे गुण गुरुवारी माझ्या टेबलावर आले. मोजणी शुक्रवारी. गणितात तिला एकसष्ट होते. वर्गात तिसरी. मी ते वाचलं. एकदा नाही, दोनदा. अर्ज फाडायला माझ्या हातात अख्खा दिवस होता. पण तक्ता तयार झाला होता, प्राचार्यांची सही झाली होती, पाकीट चिकटवून झालं होतं. एका नावासाठी पुन्हा सगळं कुठे करत बसा? मी गुणांचा कागद फाइलमध्ये लावला आणि डबा खायला गेले. बस. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

माझ्या जागी येणारा आमचा नवा अधीक्षक इथेच बसलाय. त्याला ही युक्ती मीच शिकवली, कौतुकाने. बाबा रे, ती विसर. टक्का घसरला तर घसरू दे. कुणी बोललं तर माझं नाव सांग.

आणि आता ज्या व्यक्तीसाठी मी बोलतेय तिच्याशी बोलते. तिला मी आजचं बोलावणं दिलंय. ती आलीय की नाही, मला इथून दिसत नाही. कुणीही मागे वळून तिला शोधू नका, तेवढी लाज राखा. बाई गं, तुला गणिताचं डोकं होतं. मी खोटं सांगितलं. तू एकोणीस वर्षं स्वतःला जे समजलीस आणि आता पोरीला जे सांगितलंस, ते तुझं नव्हे, माझं वाक्य आहे. तिचा प्रवेश घे. सोमवारपर्यंत मुदत आहे.

कोण? मागे दाराशी कोण उभं आहे? माइक द्या त्यांना. नको? बरं, तिथूनच बोल.

हो. एकसष्ट. शंभरपैकी.

हो. तेव्हाच माहीत होतं मला. एक दिवस आधी.

नाही. हॉस्पिटलात सांगायचं धाडस झालं नाही. तू पायाखाली चादर ठेवली होतीस ना.

अरे, अडवू नका तिला. जाऊ द्या. दार उघडा.

अध्यक्ष महोदय, भाषण संपवते. एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, आजही मध्येच थांबवलं नाहीत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी, काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे. पण ज्यांनी पोटात घालायचं ते सातशे अठरा जण या सभागृहात नाहीत, आणि एक होती ती आत्ता जिन्याने खाली चाललीय. माझा गुडघा हा असा. मानचिन्ह राहू द्या टेबलावर. सूनबाई, हात दे गं, फाटकापर्यंत तरी गाठू तिला.