बॅटरी कोण खातंय?

...नाही, पण मला सांगा, 'तुमचं काम अंदाजपंचे आहे' असं त्या माणसाला तोंडावर म्हणायची काही गरज होती का? वीस वर्षं आमच्या गाडीचं वायरिंग सांभाळणारे इलेक्ट्रिशियनकाका ते! आणि मी कोण? लांब शिकून आलेला, खिशात मीटर आणि डोक्यात जग सुधारायचं खूळ!

तुम्हाला सांगतो, बाबांची गाडी माझ्याहून वयाने मोठी. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. किल्ली फिरवली की नुसतं टक्... टक्... बाबा म्हणाले, "असू दे रे, ढकलू." असू दे? मी जेवता जेवता तासभर बोललो, की वस्तू टाकणं पाप, दुरुस्ती हाच धर्म, दोष मुळापासून शोधलाच पाहिजे! बाबांनी हात धुतले आणि 'जरा पडतो' म्हणून गेले.

मग काय, रोज सकाळी माझी शोधमोहीम! बॅटरीची काळी वायर काढली, मध्ये मीटर लावलं, एकेक फ्यूज उपटला... हॉर्न, वायपर, डिकीचा दिवा... कुठेच करंट गळत नाही! आणि मीटर खोटं बोलत नाही! म्हणजे जोडच कच्चे! काकांना बोलावलं, त्यांच्या टेपच्या गुंडाळ्या उलगडून दाखवल्या, म्हटलं, "अंदाजपंचे, काका! मीटर खोटं बोलत नाही!" काका बाबांकडे बघतायत, बाबा स्वतःच्या चपलांकडे. शेवटी काका म्हणाले, "असेल बाबा, वय झालं माझं." पेटी उचलली आणि गेले.

परवा दुपारी पक्कड राहिली म्हणून गॅरेजात डोकावलो, तर काय! बाबा गाडीत! सीट मागे टाकलेली, पंखा फुल्ल, रेडिओ चालू, डोक्याखाली घरातली उशी... आणि चेहऱ्यावर असं सुख, की मी महिनाभरात पाहिलं नव्हतं! मीटर खोटं बोलत नाही हो, पण मी ते लावायचो सकाळी!

पाय न वाजवता मागे फिरलो, तडक काकांकडे. "काका, चुकलो." काका हसले. "मी त्याच दिवशी ओळखलं. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं. पण तुझ्या बापाने डोळ्यांनीच हात जोडले रे! मागाहून म्हणे, पोरगं आल्यापासून तेवढीच एक जागा उरलीय. म्हटलं, घेऊ अंगावर."

आता कुठे तोंड लपवू, सांगा? पहाटे उठून गुपचूप चार्जर लावतो झालं. आज बाबांनी विचारलं, "सापडला का रे फॉल्ट?"

म्हटलं, "शोधतोय."

"शोध, शोध, सावकाश शोध... फक्त दुपारी नको हं. दुपारी गाडीला जरा विश्रांती लागते."