जादाची पाकिटं

समजून घ्यायला म्हणजे? अहो, संस्थेचं हे सॅटेलाइट केंद्र सुरू झाल्यापासून सरोजिनी दामले इथे बसते आहे, आणि स्वारगेटच्या हेड ऑफिसातून बिबवेवाडीचा चढ चढून आजवर कोणी काही समजून घ्यायला आलं नाही. आज एकदम तुम्ही — खुद्द अध्यक्षांचे स्वीय सहायक! बसा, बसा. त्या पडद्याकडे काय बघताय? इकडे बघा. पाठवलं कोणी? — आपले आपण आलात? असं होय. असेल, असेल.

तर समजून घ्या. इथून धडे वर उपग्रहाकडे जातात, तिथून खाली खेड्यांतल्या शाळांत. शाळांकडे नुसती घेणारी डिश — उलट काही पाठवता येत नाही. समोरासमोर कसं, ऐकू आलं नाही की 'काय म्हणालात?' विचारता येतं. इथे ती सोय नाही. आणि धडा काय अखंड जातो? छे! त्याची बारीक बारीक पाकिटं होतात, आणि वेल्ह्याकडे पाऊस धरला की त्यातली काही वाटेतच गळतात — मग ऐन गुरुत्वाकर्षणात पडद्यावरच्या बाई थिजतात, तोंड उघडं ठेवून. मग काय करायचं? धड्याबरोबर जादाची पाकिटं पाठवायची. सोपं आहे हो — चार भावंडांच्या वयांची बेरीज आधीच सांगून ठेवली, तर एकाचं वय ऐकू आलं नाही तरी काढता येतं की नाही? येतं. तसं गळलेलं पाकीट शाळेतली डिशची पेटी आपलं आपण काढते. पण पाऊस जास्त तर जादाची पाकिटंही जास्त, आणि त्यांना जागा लागते. जागा कुठून आणते मी? — विचारा ना! नाही विचारत? म्हणजे माहितीये तुम्हाला. तरीच म्हटलं, हे गोड गोड 'समजून घ्यायला' कशासाठी! शेजारच्या खोलीतला आमचा ऑपरेटर रोहन बोलला ना?

हो, काढलं मी अध्यक्षांचं भाषण. रोजचं 'अध्यक्षीय मार्गदर्शन' जूनपासून एकाही शाळेत गेलेलं नाही — त्या वेळात विज्ञानाची जादाची पाकिटं जातात. आली का एकाची तरी तक्रार? फोन आहेत हो सगळ्या शाळांत! मागच्या पावसाळ्यात धडा थिजला की वेल्ह्याकडच्या शाळेतल्या मथुराबाई लगेच फोन करायच्या — मॅडम, पोरं हिरमुसली. यंदा एकदाही नाही. आणि भाषण कुठं गेलं म्हणून? कुणीच नाही. नोकरी घालवायची तर खुशाल घालवा, पण पावसाळा संपू द्या — त्या पोरांना अर्धामुर्धा धडा द्यायची मला लाज वाटते, खरंच वाटते.

असे काय बघताय? त्यासाठी आलाच नव्हता? मग कशासाठी? — घटक चाचणीत गुण वाढले, हो, ते कळलं मला. — कशामुळे म्हणालात? अध्यक्षांच्या मार्गदर्शनामुळे? असं कोण म्हणतं? — स्वतः अध्यक्ष! आणि म्हणून उद्यापासून भाषण दुप्पट? हा पेन ड्राइव्ह त्याचाच? म्हणजे पाठवलंय अध्यक्षांनीच!

हसताय की काय तुम्ही? नाही, मला स्पष्ट कळू द्या — तिकडे जाऊन सांगणार आहात का? — पेन ड्राइव्हच पुढे करताय? बरं. ठेवा तो तिथे टेबलावर — भाषण दुप्पट म्हणजे पाकिटांनाही दुप्पट जागा. आणि हा कागद कसला? भाषण सगळ्या शाळांना पोचल्याची सही? अहो, पोचल्याचं इथे कोणालाच कळत नाही, एवढा वेळ दुसरं काय सांगत होते मी? निघा आता, विज्ञानाच्या धड्याची वेळ झाली.