शेवटची ओळ खाणारा प्रिंटर

कोणी मानूनच नाई राह्यलं ना माझं. तुमाले सांगते, मी म्हणून राह्यली का बाप्पा हो, हा प्रिंटर माझं नाव खाऊन राह्यला, तं अख्खं वाचनालय माह्या तोंडाकडे पाहून हसे. आमच्या रोहण्याच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, त्याची कार्यक्रमपत्रिका, अन् तिच्यात पहिल्यांदा बाईचं नाव, ते बी सर्वात खाली... "आभार प्रदर्शन : सौ. कांताबाई". बचत गटाच्या साऱ्या बाया घेऊन अध्यक्षाच्या ओसरीवर ठाण मांडून बसली मी, तवा कुठं ती एक ओळ भेटली. अन् छापून काय आलं? वर पाहुणे, मधात भाषणं, खाली कोरं.

बंडूजी आमचे ग्रंथपाल. त्याईले म्हटलं, अजी, माझी ओळ कुठं गेली? ते पडद्याकडे बोट दाखवते, "हे काय कांताबाई, आहे ना." खरंच होती. पडद्यावर होती, कागदावर नाई. आता मी काय पडदा घेऊन फिरू घरोघरी?

कम्प्युटर आमचा लिनक्सचा, विंडोजले पैसे पडते अन् हे फुकट भेटते म्हणून तेच टाकलं. चालू केला का एक काळंपांढरं बदक दिसते. बंडूजी म्हणते, पेंग्विन हाय ते. म्हटलं, कोंबडी असली तरी चालते, माझी ओळ द्या.

तेवढ्यात आले अध्यक्ष किसनराव. "काय वो कांताबाई, कम्प्युटर कधी चुकते का? तुमी चवथी शिकल्या, चष्मा लावा." म्हटलं, चवथीत मले माझं नाव वाचाले शिकवलं, अन् ते इथं नाई, एवढं समजते मले. बंडूजीनं मंग शाई हालवली, कागद उलटा घातला, अक्षर बारीक केलं... तं किसनरावनं जागा झाली म्हणून अजून तीन पाहुणे घुसवले. परत तेच. पडद्यावर होती, कागदावर नाई.

मंग मले आला राग. म्हटलं, बंडूजी, माझी ओळ वर चढवा अन् अध्यक्ष खाली घ्या. ते म्हणे, "अध्यक्ष शेवटी?" म्हटलं, पडद्यावर दिसतेच ना, मंग काऊन भेता? खरर खरर कागद आला. मी सर्वात वर, ठसठशीत. किसनराव गायब. अन् काय सांगू तुमाले, चहा थंडा व्हायच्या आत साऱ्या गावाले समजलं का प्रिंटर बिघडला. माझं नाव गेलं तवा माझे डोळे बिघडले होते, त्याईचं गेलं तं प्रिंटर.

आता खुद्द किसनरावनं आर्वीच्या कम्प्युटरवाल्याले फोन लावला. तो म्हणे, "कागदाचं माप पाहा." पाहिलं तं 'लेटर'. तो अमेरिकेतला कागद, आपल्या ए-फोरपेक्षा दोन बोटं बुटका. प्रिंटरले वाटे कागद सरला, अन् शेवटच्या ओळीचा गळा कापे. माप बदललं, मले वर्तून खाली आणलं, ओळ छापून आली. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर बंद करून चालू केला... पडद्यावर होती, कागदावर नाई. परत फोन. "देश कोणता आहे ते पाहा." आता देश बी पाहा लागते? पाहिलं तं अमेरिका. रोहण्यात, एष्टी स्टँडच्या मागं, अमेरिका. म्हणून तो रोज सकाळी उठून तिकडचाच कागद धरून बसे. देश बदलला, तवा माझी ओळ ठिकाणावर बसली.

पण नेलं कोणं त्याले तिकडं? आर्वीवाला म्हणे, पहिल्या दिवशी कम्प्युटर देश विचारते, पुढं अमेरिका लिहूनच असते, कोणी न वाचता बटन दाबलं असन. बंडूजी म्हणे, मी नाई. कसे दाबतीन ते? त्या दिवशी उद्घाटन होतं, बटनाले झेंडूचा हार, खाली नारळ फुटलेला. पहिलं बटन मानाच्या माणसाचं.

कार्यक्रमात शेवटी माईक माह्या हातात आला. मांडववाल्याचे आभार मानले, चहावालीचे मानले. मंग म्हटलं, आता त्या थोर माणसाचे आभार, ज्याईनं एका बोटानं, ना पासपोर्ट ना तिकीट, आपला कम्प्युटर अमेरिकेत पोचवला. साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या, अन् समोर हार घालून बसले होते त्याईनं तं सर्वात जोरात. माहीत कुठं होतं त्याईले. मले तं वाटे राहू द्यावं, सणाचा दिवस. पण काय करता, आभार म्हटलं का नाव घ्याच लागते... माननीय अध्यक्ष, श्री. किसनराव.