डावीकडची सीट

सोबिर : नाही म्हटलं ना, आका. उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे घ्यायचं काम मी सोडलं. चार वर्षं झाली. ओशमधल्या कुठल्याही गॅरेजात विचारा.

ओरमोन : ऐकलंस, अनार? सोडलंय त्यानं. चल घरी.

अनारकान : विचारून आलेय सगळीकडे. सगळ्यांनी तुझंच नाव सांगितलं, सोबिर.

सोबिर : एके काळी आठवड्याला दोन गाड्या करत होतो, आपा. जपानहून आलेल्या, सगळ्या उजव्या हाताच्या. आता कोरियातून आयत्या डाव्याच येतात. आणि माझी पाठ बघा. डॅशबोर्डखाली आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात.

ओरमोन : आणि ही काय साधी गाडी आहे? अठ्ठ्याऐंशी सालची क्राऊन. एक स्क्रू बदललेला नाही. अल्माटीचा एक माणूस नुसते फोटो काढायला आला होता, तर बूट काढून आत बसला. हिच्या पोटात करवत घालायची?

अनारकान : घालायची.

ओरमोन : बघ. महिनाभर हेच चाललंय. कारण विचारलं तर म्हणते, दमले.

अनारकान : दमलेच आहे.

ओरमोन : बसून दमतं का कुणी? गाडी मी चालवतो.

सोबिर : आधी चहा घ्या दोघं. आपा, ही पियाली. इकडे, इकडे. तुमच्या हातासमोरच आहे. हां.

अनारकान : दिसली.

सोबिर : आता खरं सांगतो, आका. करायचंच म्हटलं तर दीड महिना जातो. पेडल, ब्रेक, स्टिअरिंगचा दांडा, सगळं पलीकडे न्यायचं. इंजिन आणि पाय यांच्यामधला पत्रा कापायचा. या गाडीचा डावा डॅशबोर्ड मिळत नाही, हातानं घडवावा लागेल. आणि एवढं करून काही गोष्टी उजव्याच राहतात. वायपर उजव्या माणसासाठी पुसणार, तुमच्यासमोरचा वरचा कोपरा ओलाच. खिडक्यांची बटणं उजव्या दारात आहेत, ती तिथंच. चारी काचा आपांच्या हातात.

ओरमोन : म्हणजे घरातल्यासारखंच.

सोबिर : म्हणून म्हणतो, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?

ओरमोन : अगदी. आणि मला डाव्या स्टिअरिंगची गरज काय? ही आहे ना शेजारी. पंचवीस वर्षं ओश ते बिश्केक करतोय आम्ही. आधी मागे हिच्या कापडाचे गठ्ठे असायचे, आता मुलीकडे जाताना खरबुजं असतात. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची, समोरचे येणार डावीकडून; पुढे ट्रक आडवा आला की उजव्या सीटवरून मला काय दिसणार, त्याचं ढुंगण. मी विचारतो, 'मोकळा?' ही डावीकडून डोकावते आणि सांगते, 'चला.' नाहीतर, 'थांबा.' एकदा चुकली नाही. अजून गेल्याच महिन्यात...

अनारकान : ते राहू द्या.

ओरमोन : का राहू द्यायचं? ऐक, सोबिर. मुलीकडून परत येत होतो. काराकूलच्या अलीकडचं वळण, पुढे कोळशाचा ट्रक, अंधार पडायला आलेला. मी विचारलं, मोकळा? ही म्हणाली, चला. गाडी बाहेर काढतो तर समोरून दुसरा ट्रक! दोघांच्या मधून निघालो, आरसासुद्धा घासला नाही. माझं काळीज तोंडात आलं आणि हिनं हूं की चूं केलं नाही. काय अंदाज म्हणावा! अख्ख्या गल्लीला सांगितलं मी.

अनारकान : सांगितलंत खरं.

सोबिर : बरं, आलाच आहात तर बघतो. नुसतं बघतो हं. दार उघडं आहे ना? ... आका, ही डावी सीट कधी बदलली होती का?

ओरमोन : एक स्क्रू बदललेला नाही म्हटलं ना.

सोबिर : मग हिच्या पाठीचं कापड नवं कसं? तुमच्या सीटला खड्डा पडलाय, दोरे निघालेत. इथं पाठीला सुरकुती नाही. बसायची जागा तेवढी दबलीय, तीही पुढच्या काठाला. एवढी चार बोटं. आपा, तुम्ही कधी टेकलाच नाहीत?

अनारकान : टेकलं की ट्रकच्या पलीकडचं दिसत नाही.

सोबिर : पंचवीस वर्षं?

अनारकान : रोज थोडंच जात होतो.

ओरमोन : दहा-दहा तास तू काठावर बसायचीस? मला कधी बोलली नाहीस.

अनारकान : तुम्ही समोर बघत होता. तेच बरोबर होतं.

ओरमोन : मग उशी घेऊ पाठीला. चांगली जाड. त्यासाठी गाडी कापायची काय गरज?

सोबिर : आपा, ताकाला येऊन भांडं का लपवता? पाठ दुखते म्हणून कुणी स्टिअरिंग हलवत नाही.

अनारकान : त्या दिवशी मला ट्रक दिसला नव्हता.

ओरमोन : कुठल्या दिवशी?

अनारकान : काराकूलच्या वळणावर. समोरचा ट्रक. मला काहीच दिसलं नव्हतं.

ओरमोन : तू 'चला' म्हणालीस.

अनारकान : हो.

ओरमोन : काही न दिसता?

अनारकान : डोळ्यात मधोमध डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं. जिथं बघावं तिथं मात्र पुसल्यासारखं होतं. डॉक्टरीण म्हणाली, हा जाणार नाही, वाढेल.

ओरमोन : कधी म्हणाली?

अनारकान : नवरोजच्या आधी.

ओरमोन : म्हणजे त्यानंतर जाऊन-येऊन चार वेळा...

अनारकान : कान देऊन सांगत होते. ट्रक येतो त्याचा आवाज आधी येतो. तीनदा जमलं.

ओरमोन : मेलो असतो आपण, अनार.

अनारकान : हो.

ओरमोन : आणि मी गल्लीभर तुझ्या नजरेचं कौतुक करत फिरलो.

अनारकान : म्हणून तर आणखीच बोलता येईना.

ओरमोन : नुसतं 'थांबा' म्हणायचं होतंस. मी थांबलो असतो.

अनारकान : आधी दोनदा म्हटलं थांबा. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा वैतागला होतात. आणि खरं सांगू? गाडीत माझं एवढंच काम होतं. दिसत नाही म्हटलं असतं, तर मी तिथं बसायचं कशाला? गठ्ठ्यासारखं? त्या रात्रीपासून मला झोप नाही. डोळा लागला की हॉर्न ऐकू येतो.

सोबिर : आपा, चहा गार झाला. दुसरा ओततो.

ओरमोन : विकून टाकू गाडी. त्या अल्माटीवाल्याला फोन करतो.

अनारकान : विकून काय कराल? दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजाल, आणि मी तुमचं तोंड बघेन. तेही मधोमध पुसलेलं. गाडी विकायची नाही. म्हणून तर याचे पाय धरायला आले. ते चाक तुमच्यासमोर डावीकडे येऊ दे, तुमचं तुम्ही बघा. मला तुमच्या जागी बसवा. तिकडून रस्त्याची कड लागते. कडेचं मला अजून दिसतं. जितके दिवस दिसतं तितके दिवस बघत बसेन.

ओरमोन : सोबिर.

सोबिर : बोला, आका.

ओरमोन : चावी कुठं ठेवू?

सोबिर : त्या खिळ्याला अडकवा.

ओरमोन : तू तर काम सोडलं होतंस.

सोबिर : सोडलंच आहे. मला उठवायला दोन माणसं बघावी लागतील, एवढंच. सीटचं काय करू? अदलाबदल करून देतो. तुमचा खड्डा तुमच्याकडे.

ओरमोन : नको. तिच्या सीटवर मी बसेन. माझी मऊ झालीय, ती तिला राहू दे.

अनारकान : खड्ड्यात घालताय मला.

ओरमोन : पंचवीस वर्षं तयार केलाय. बस मुकाट्यानं. आणि सोबिर, पत्रा कापशील तेव्हा मला बोलावू नकोस.

सोबिर : नाही बोलावणार.

(दीड महिन्यानंतर, दुपारी. ओशबाहेरच्या रस्त्यावर चालती गाडी. ओरमोन डावीकडे स्टिअरिंगवर, अनारकान उजवीकडे, सोबिर मागे.)

ओरमोन : ब्रेक कडक लागतो रे.

सोबिर : आठ दिवस लागेल. मग बसेल. माझी पाठ बसली तशी.

अनारकान : काचेच्या बटणासाठी तुमचा हात सारखा माझ्या गुडघ्यावर येतोय. किती खाली करू, सांगा.

ओरमोन : अर्धी.

अनारकान : धूळ येईल. पाव करते.

ओरमोन : मग विचारलंस कशाला?

अनारकान : जर्दाळू पिकले वाटतं. कडेनं पिवळं पिवळं सरकतंय.

ओरमोन : पिकलेत. फांद्या वाकल्यात. ... हा ट्रक कुठून आला मध्येच? अनार, मोकळा?

अनारकान : मला काय विचारता आता?

ओरमोन : तोंडात बसलंय. दिसतंय, मलाच दिसतंय. समोरून बस येतेय. थांबतो.

अनारकान : थांबा.

ओरमोन : ही तुझी सीट फार टणक आहे गं. टेकलो की पाठीला फळी लागते. मी पण पुढे सरकून बसलोय मघापासून. कंबर भरून आली माझी, आणि अजून ओश मागे दिसतंय. तू कसं केलंस सगळं? मी एकदा तरी वळून बघायला हवं होतं. ऐकतेस ना? अनार?

सोबिर : हळू बोला, आका. झोपल्यात.

ओरमोन : गाडीत ही कधी झोपत नाही.

सोबिर : मान टेकलीय. झोपल्यात.

ओरमोन : बरं.

सोबिर : बस गेली. तो ट्रक तर बैलगाडीसारखा चाललाय. समोर पार टेकडीपर्यंत मोकळं आहे, घ्या पुढे.

ओरमोन : दिसतंय मला.

सोबिर : मग?

ओरमोन : बाहेर काढताना गाडी हलते. राहू दे, याच्या मागूनच जाऊ.